कार्डे कोणाच्या ताब्यात?

श्रोतेहो, सोलापूरच्या पूर्व भागातून ज्याने सकाळच्या वेळी फेरफटका मारला असेल, त्याला मागांचा खडखडाट काय असतो हे सांगायला नको. मी मराठीचा अध्यापक. मागाशी माझा संबंध चादर अंगावर घेण्यापुरता. पण एकदा एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो असता त्याच्या आजोबांनी मला जकार्ड दाखवले. मागाच्या माथ्यावर बसवलेले ते यंत्र. भोके पाडलेली पुठ्ठ्याची लांबट कार्डे एकमेकांना बांधून माळेसारखी त्यावर सोडलेली. एक कार्ड पुढे आले की जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई अडते, धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा जातो आणि पुढचे कार्ड येते. अशी शेकडो कार्डे फिरली की चादरीवर मोर उभा राहतो. आजोबा म्हणाले, "सर, चादर काय, कुणीबी विकत घेतंय. कार्डं ज्याच्याकडं, नक्षी त्याची."

त्या म्हाताऱ्याने माझे आजचे निम्मे भाषण एका वाक्यात करून टाकले आहे. फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जकार्ड नावाच्या गृहस्थाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली, आणि पुढे इंग्लंडात बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच भोकांची कार्डे घेतली. तेव्हा संगणकाच्या कुळात आपला माग हा चुलत आजोबा लागतो, असे म्हटले तर सोलापूरकरांना रास्त अभिमान वाटावा.

संगणकातही चादर आणि कार्ड असा भेद आहे. आपण जो प्रोग्राम वापरतो ती विणलेली चादर. तो ज्या मजकुरातून तयार झाला, म्हणजे माणसाने लिहिलेल्या आणि माणसाला वाचता येणाऱ्या आज्ञा, त्याला सोर्स कोड म्हणतात. आम्ही मराठीवाले पोथ्यांच्या बाबतीत 'मूळ संहिता' असा शब्द वापरतो, तोच मी इथे वापरीन. चादर उसवून कार्डे तयार करणे जवळजवळ अशक्य, तसेच तयार प्रोग्रामवरून मूळ संहिता काढणे महाकठीण. आणि सगळ्या प्रोग्रामांच्या बुडाशी जो मोठा प्रोग्राम असतो, जो यंत्र चालू करतो, फाइली सांभाळतो, कळ दाबली की अक्षर कोणते ते ठरवतो, ती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली. तिची कार्डे कोणाच्या ताब्यात असावीत, हा आजचा विषय आहे.

मराठीच्या मास्तराने ही उठाठेव कशासाठी करावी, असे आपल्या मनात आले असेल. त्याचे कारण माझे एक निवृत्त सहकारी. त्यांनी मंगळवेढे, सांगोले, मोहोळ या भागांतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एसटीने हिंडून, ओसरीवर बसून, वहीत उतरवून घेतल्या. पुढे १९९७ च्या सुमारास पदरचे पैसे घालून त्या संगणकावर टंकित करून घेतल्या. सुमारे सातशे पाने. ज्या सॉफ्टवेअरवर हे काम झाले त्याला एक लहानसे कुलूप असे. ते यंत्राच्या पाठीमागे खोचले तरच ते चाले. पुढे यंत्र भंगारात गेले, त्याबरोबर कुलूपही गेले. वह्या एका पावसाळ्यात भिजल्या. उरली एक तबकडी. ती नव्या यंत्रावर उघडली तर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे, असा सगळा गिचमिड काला. सर माझ्याकडे आले तेव्हा हसत म्हणाले, "बायांनी तोंडपाठ ठेवलं तोवर शाबूत होतं बघा. मी लिहून घेतलं आणि हरवलं." त्या हसण्याने मला काही बरे वाटले नाही.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. त्या काळी मराठी अक्षरांना सगळ्यांना मान्य अशी क्रमांकव्यवस्था रुळलेली नव्हती. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट म्हणजे स्वतःची सांकेतिक लिपी, आणि ती लिपी सोडवण्याची कार्डे कंपनीच्या कपाटात. कंपनी बसली, किंवा तिने नवी आवृत्ती काढून जुनीकडे पाठ फिरवली, की आपलेच लेखन आपल्याला परके.

आता कोणी म्हणेल, यावर उपाय सोपा आहे. कंपन्यांना कार्डे उघडी करायला सांगा. श्रोतेहो, तसे करून पाहिलेले आहे, आणि त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत सन मायक्रोसिस्टीम्स नावाची मोठी कंपनी होती. १९८२ साली ती चार तरुणांनी काढली. त्यांतले एक विनोद खोसला, पुण्यात जन्मलेले. या कंपनीची सोलारिस ही कार्यप्रणाली बँका, टेलिफोन कंपन्या यांच्या मोठ्या यंत्रांवर चाले. पक्का व्यापारी माल. पण तोवर लिनक्सने बाजारात पाय रोवले होते. फिनलंडमधल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले आणि जगभरच्या लोकांनी वाढवलेले हे काम फुकट मिळे, आणि स्वस्त यंत्रांवर चाले. गिऱ्हाईक तिकडे वळू लागले. तेव्हा जून २००५ मध्ये सन कंपनीने सोलारिसची मूळ संहिता लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली आणि तिला ओपनसोलारिस असे नाव दिले. हे मी औदार्य समजत नाही, पण त्याला डावही म्हणत नाही. व्यापारात दोन्ही एकाच खिशात असतात.

संहिता उघडली, लोक आले, चुका शोधू लागले, सुधारणा पाठवू लागले. पण बाहेरच्या माणसाने केलेली दुरुस्ती मूळ संहितेत घालायची तर सन कंपनीतला कोणी जामीन उभा राहावा लागे. दुसरे असे की, ज्याची दुरुस्ती घ्यायची त्याने एका करारावर सही करून आपल्या लेखनाचा हक्क कंपनीबरोबर वाटून घ्यावा लागे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ऊस सभासदांचा, पण कारखान्याचे सगळे शेअर एकट्या चेअरमनच्या नावावर. प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना निघाला तेव्हापासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा भेद नीट कळतो. (अलीकडच्या काही कारखान्यांत तो पुन्हा कळेनासा झाला आहे, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय.)

आणि तिसरी गोष्ट, जी वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. सगळी संहिता उघडलेली नव्हतीच. काही तुकडे, इतरांच्या हक्कांच्या अडचणीमुळे, बंदच राहिले होते. त्यांतला एक तुकडा कोणता? तर भाषांचा! निरनिराळ्या भाषांतली अक्षरे कोणत्या क्रमाने लावायची, तारीख कशी लिहायची, हे सारे ज्यात ठरते तो भाग. तो नसेल तर बाकी उघडलेली संहिता धड चालतच नसे. म्हणजे वाडा उघडा, दिंडी उघडी, आणि बोलण्याच्या खोलीला तेवढे कुलूप.

पुढे काय व्हायचे ते झाले. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन कंपनी विकत घेतली. नव्या मालकाला हा उघडेपणा मानवला नाही. ऑगस्टमध्ये कळले की रोजची संहिता आता बाहेर येणार नाही. लोकांच्या वतीने नेमलेले एक मंडळ होते. त्याने मालकाकडे विचारणा केली, उत्तर मिळेना, आणि २३ ऑगस्ट २०१० रोजी ते मंडळ राजीनामे देऊन मोकळे झाले. २०११ साली सोलारिसची अकरावी आवृत्ती आली ती बंद कार्डांची. कंपनीला हे करता आले, कारण सगळ्या लेखनावर तिचा हक्क होता. तिला कोणाला विचारण्याची गरजच नव्हती.

पण इथे एक ग्यानबाची मेख आहे. जे एकदा उघडले ते परत घेता येत नव्हते. परवाना तसा होता. २०१० पर्यंतची कार्डे ज्यांच्या हाती पडली होती, त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये इल्युमॉस नावाने तीच नक्षी पुढे विणायला घेतली. आणि त्यांना सुरुवातीसच करावे लागलेले मोठे काम कोणते? तो बंद भाषांचा तुकडा नव्याने लिहिणे. दुसऱ्या एका खुल्या कार्यप्रणालीतून, फ्रीबीएसडीमधून, साहित्य घेऊन त्यांनी तो लिहिला. इल्युमॉस अजून चालू आहे. सोलारिससाठी रचलेली झेडएफएस नावाची फाइली जपण्याची व्यवस्था तर आज लिनक्सच्या यंत्रांवरही नांदते.

मग लिनक्स असे कोणी बंद करू शकेल काय? नाही, आणि त्याचे कारण लिहिणाऱ्यांची सज्जनता हे नव्हे. लिनक्सची संहिता हजारो लोकांनी लिहिली, प्रत्येकाचा हक्क त्याच्याकडे राहिला, आणि सगळ्यांनी ती जीपीएल या परवान्याखाली दिली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली हा परवाना काढला. त्याची अट एकच ध्यानात ठेवा: घे, बदल, विकसुद्धा, पण ज्याला देशील त्याला कार्डांसकट दे. आता ती बंद करायची तर एवढ्या सगळ्या मालकांच्या दारी संमती मागत हिंडावे लागेल. आमच्याकडे सामाईक विहिरीच्या सातबाऱ्यावर अकरा नावे असली तर ती विकली जात नाही. तिथे हजारो आहेत.

इथून मी आपल्याला पुण्यास नेतो. रेड हॅट ही लिनक्सवर व्यापार करणारी कंपनी. संहिता खुली, आणि पैसे मिळवायचे ते देखभालीचे, खात्रीचे. २००३ मध्ये तिने दोन वाटा केल्या: फेडोरा ही लोकांसमवेत वाढवायची, फुकट वापरायची, आणि त्यातूनच निवडून, घासूनपुसून, कंपन्यांना विकायची ती एंटरप्राइज लिनक्स. या कंपनीची पुण्यात मोठी कचेरी आहे, आणि भारतीय भाषांचे बरेच काम तिथे झाले. कार्यप्रणालीच्या फळ्यांवरचे शब्द मराठीत आले, ते काही पगारी माणसांनी आणि काही फावल्या वेळात बसणाऱ्या हौशी लोकांनी आणले. 'फाइल उघडा', 'जतन करा', 'रद्द करा'. दिसायला लहान शब्द. पण 'डिलीट'ला 'नष्ट करा' म्हणावे की 'काढून टाका', यावर वाद घालताना भाषेचा किती विचार करावा लागतो ते परिभाषेचे काम केलेल्यास विचारा.

त्याहून मोलाची वस्तू म्हणजे लोहित. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅटच्या तांबड्या टोपीवरून ते नाव पडले असावे असे मी समजतो. हा फॉन्ट पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीकडून आला आणि रेड हॅटने तो जीपीएलखाली खुला केला. २०११ मध्ये त्याला फॉन्टांसाठीच केलेला एक अधिक सैल खुला परवाना मिळाला. मराठी माणसाला फॉन्टाची किंमत हिंदी माणसाहून जास्त द्यावी लागते, कारण लिपी एक असली तरी वळणे वेगळी. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदी छपाईत निराळे दिसतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या. हा रफार आणि तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, हा भेद ज्या यंत्राला कळत नाही त्याच्यावर सह्याद्रीचे वर्णन लिहिता येणार नाही. 'ॲ' या आपल्या अक्षराला युनिकोड या जागतिक क्रमांकव्यवस्थेत स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. अशी नवी जागा मिळाली की प्रत्येक फॉन्टात ते अक्षर घालावे लागते. बंद फॉन्ट असेल तर मालकाची मर्जी. खुला असेल तर ज्याला गरज आणि ज्ञान आहे तो घालू शकतो.

आणि गंमत पाहा, लोहित आज रेड हॅटच्या घरीच राहिलेला नाही. डेबियन, उबुंटू या दुसऱ्यांच्या लिनक्समध्येही तो मिळतो. प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात आपला माल ठेवावा आणि तक्रार नसावी, हे सोलापूरच्या कापडबाजारात मी अजून पाहिलेले नाही.

रेड हॅट म्हणजे सगळे धुतल्या तांदळासारखे, असे मात्र मी म्हणत नाही. २०१९ च्या जुलैमध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना घेतली. तिच्या विकाऊ लिनक्सची हुबेहूब फुकट आवृत्ती सेंटओएस या नावाने मिळे, आणि कित्येक महाविद्यालये, प्रयोगशाळा, लहान कचेऱ्या तिच्यावर चालत. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की तिची आठवी आवृत्ती २०२१ अखेर थांबेल. जून २०२३ मध्ये आणखी एक पाऊल: विकाऊ आवृत्तीची नेमकी संहिता आता गिऱ्हाइकांनाच, बाकीच्यांनी विकासाच्या वाटेवर असलेली संहिता पाहावी. कायद्यात ते बसते, असे कंपनी म्हणते. जीपीएलच्या भावनेत बसत नाही, असे पुष्कळ म्हणतात. मला दुसरी बाजू अधिक पटते. पण सोलारिसच्या वेळेहून इथे एक फरक झाला. दार अर्धे लोटले गेले, तरी रॉकी आणि अल्मा या नावांच्या दोन आवृत्त्या लोकांनी उभ्या केल्या होत्या आणि त्या आजही चालू आहेत. लोहित तर जागचा हललाही नाही. त्याचा परवाना ना कंपनी विकल्याने बदलतो, ना मालकाचा विचार बदलल्याने.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, एखादी कंपनी 'आम्ही खुले आहोत' म्हणाली, तर टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. परवान्यात काय लिहिले आहे? आणि लिहिणाऱ्यांचा हक्क कोणाच्या नावे जमा होतो? तिसराही एक प्रश्न आहे, पण तो कंपनीला नव्हे, आपल्याला विचारायचा: उद्या ती निघून गेली, तर ही कार्डे मागावर चढवता येईल असे माणूस आपल्या गावात आहे काय?

या तिसऱ्या प्रश्नाशी आपले घोडे अडते. सी-डॅकने डेबियनच्या आधारे बॉस नावाची भारतीय कार्यप्रणाली २००७ मध्ये काढली, केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या संहितेला प्राधान्य देण्याचे धोरण ठरवले, केरळातल्या शाळांनी तर मुलांना कित्येक वर्षे याच वाटेने शिकवले. आणि आपल्याकडे? चोरून उतरवलेली विकाऊ प्रणाली ज्या प्रयोगशाळांत बिनदिक्कत चालते, अशा मी पाहिल्या आहेत; कोणत्या ते विचारू नका. चोरीच्या चादरीची सवय लागली की कार्डांची आठवण कोणाला? फुकट मिळते आणि खुले असते, या दोहोंतला फरक आमच्या पदवीधरालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

आता ओव्यांचे सांगतो. तबकडी घेऊन आम्ही संगणक विभागातल्या एका विद्यार्थ्याकडे गेलो. सरांकडे छापील मजकुराची चाळीस पाने एका फायलीत निघाली. पोरगा म्हणाला, "सर, एवढी पानं पुरतील." एकीकडे छापील अक्षर, दुसरीकडे त्या जागी आलेले चिन्ह, असा त्याने तक्ता मांडला. कूटलिपी सोडवावी तसे काम. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असे, ती युनिकोडमध्ये नंतर यावी लागते. रफार नंतर असे, तो आधी घ्यावा लागतो. जोडाक्षरांनी तर त्याला आठ दिवस झुलवले. हे सारे त्याने खुल्या कार्यप्रणालीवर, लोहित फॉन्ट लावून केले. अडला की त्या फॉन्टाची संहिता उघडून कोणते अक्षर कसे जुळवले आहे ते पाही, आणि तसे पुन्हा तक्त्यात बसवी.

सहा आठवड्यांनी पहिली ओवी पडद्यावर धड दिसली तेव्हा सरांनी चष्मा पुसला, आणि दुसऱ्याच ओळीत चूक काढली. 'पायऱ्या'च्या जागी 'पायर्या' आले होते. तो अर्धा र आमच्या तक्त्यात घालायचा राहून गेला होता! पोराने तो घातला आणि सातशे पानांतले सगळे अर्धे र एका फेरीत जागेवर आले. हातांनी करायचे तर आम्हा दोघांचे डोळे गेले असते.

तो विद्यार्थी आता नोकरीसाठी पुण्याला गेला. जाण्यापूर्वी मी त्याला तक्ता जीपीएलखाली ठेवायला सांगितले, तर म्हणाला, "सर, ते मी पहिल्याच दिवशी वर लिहिलंय." विभागातल्या यंत्रावर तो तक्ता आहे. पंढरपूरच्या एका शिक्षिका त्यांच्या वडिलांच्या भारुडांच्या फाइली घेऊन मध्यंतरी आल्या होत्या. त्यांचा फॉन्ट निराळा निघाला, तेव्हा तक्ता बदलावा लागणार आहे. तो कसा बदलायचा हे दुसऱ्या वर्षातल्या दोन मुली शिकत आहेत. सर आणि मी दर रविवारी सकाळी मुद्रिते तपासतो. चारशे बारा पाने झाली आहेत.